फेस्ताची फेरी आणि बागेतला बाक

दरवर्षी ८ डिसेंबरला पणजीच्या इगर्जीचे फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव असतो आणि त्या निमित्ताने चर्चसमोरच्या चौकात, म्युनिसिपल गार्डनच्या कडेकडेने, काही दिवस फेरी भरते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे फेरी म्हणजे जत्रेतला किंवा फेस्तातला बाजार. हा शब्द पोर्तुगीज ‘फेइरा’वरून आला आहे आणि नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीशी त्याचा काही संबंध नाही. या वर्षी आम्ही मात्र फेरीबोटीनेच फेरीला गेलो, कारण बाबांची तशी इच्छा होती.

फेस्तानंतरचा शनिवार होता. बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत, आमच्याकडे पर्वरीला राहतात आणि गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे फारच कमी झाले आहे. नोकरीत असताना ते डिचोलीहून रोज बसने पणजीला येत आणि दुपारचा डबा, पाऊस नसेल तर, याच बागेतल्या बाकावर बसून खात. त्यामुळे फेरीला जायचे म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा बाजार येत नाही, बाग येते. बेतीच्या धक्क्यावर आम्ही तिघे, म्हणजे बाबा, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि मी, फेरीबोटीत चढलो. पायी जाणाऱ्यांना या बोटीचे तिकीट पडत नाही आणि काही मिनिटांत माणूस मांडवीच्या पलीकडे पोहोचतो. पुलावरून मोटारीने गेले तर पणजी आधी वाहनतळाच्या शोधातच भेटते. बोटीतून गेले तर समोर आदिलशहाचा जुना राजवाडा दिसतो, पाण्याचा वास येतो आणि शहर आपल्याला सावकाश जवळ घेते.

बागेला गार्सिया द ऑर्ता यांचे नाव आहे, पण बोलताना ते नाव फारसे कोणी घेत नाही. आमच्या पिढीला ती म्युनिसिपल गार्डन, आणि बाबांच्या ओळखीतली जुनी मंडळी तिला अजूनही ‘जार्दिम’ म्हणतात. चौकोनी आकाराची, चालत गेले तर चार-पाच मिनिटांत वळसा पुरा होईल एवढीच बाग. परंतु तिच्या एका अंगाला चर्चचा पांढरा जिना, बाकीच्या अंगांना दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या, त्यामुळे शहराची सगळी वर्दळ तिच्या कुंपणाला घासून जाते. आत शिरले की तोच गजबजाट अर्ध्यावर येतो. त्या संध्याकाळी एकही बाक रिकामा नव्हता. पिशव्या पायांशी ठेवून बसलेल्या बायका, भेळेचा कागद हातात धरून एकमेकांना घास देणारे नवे जोडपे, नवीन फुगा झाडाच्या फांदीत अडकला म्हणून रडणारे पोर, आणि बँडस्टँडच्या पायऱ्यांवर बसलेले कॉलेजचे दहा-बारा विद्यार्थी. आम्हांला पाहून एका बाईंनी आपल्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि बाबांना जागा करून दिली. त्या माशेलहून आल्या होत्या, दोन मुलींच्या कपड्यांची खरेदी झाली होती आणि परतीच्या बसला अजून तास होता.

बागेच्या मध्यावर उंच खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. मुलाने विचारले की हा खांब सरकारी आहे का. बाबांनी त्याला सांगितले की त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९६१ पूर्वी, याच खांबावर वास्को द गामाची प्रतिमा होती. वडिलांचा हात धरून पणजीला आले तेव्हा त्यांनी ती मान वर करून पाहिली होती, आणि मुक्तीनंतर तिच्या जागी हे सिंह आले. खांब तोच राहिला. मुलाला या गोष्टीत फार रस वाटला आणि तो खांबाभोवती दोन फेऱ्या मारून आला. मलाही दरवेळी वाटते की गोव्याचा इतिहास शाळेत शिकवायचा असेल तर मुलांना या बागेत आणून बसवावे, कारण इथे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या एकेका वस्तूला दोन-दोन काळ चिकटलेले आहेत. समोरचे चर्चही तसेच आहे. १५४१ साली तिथे छोटे प्रार्थनास्थळ उभे राहिले, १६१९ साली ते मोठे करून बांधले गेले, आणि वरच्या मनोऱ्यात १८७१ साली जी भली मोठी घंटा चढवली ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, जो मठ पुढे ढासळून गेला. लिस्बनहून आलेले खलाशी पणजीला उतरले की सुखरूप पोहोचल्याबद्दल आधी इथे प्रार्थना करीत असत.

गार्सिया द ऑर्ता यांच्याविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण बाजाराच्या शेजारच्या बागेला त्यांचे नाव असणे मला फार योग्य वाटते. हे पोर्तुगालचे ज्यू वंशाचे वैद्य. १५३४ साली ते गोव्यात आले, इथेच राहिले, आणि १५६३ साली गोव्यातच त्यांचा भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापून निघाला. तो संवादाच्या रूपात आहे. रुआनो नावाचा पाहुणा वैद्य प्रश्न विचारतो, ऑर्ता उत्तरे देतात, आणि मधेमधे आंतोनिया नावाच्या मोलकरणीला सांगितले जाते की अमुक फळ आणून दाखव. मिरी, वेलची, लवंग, जायफळ, नारळ, आंबा, फणस, भांग, अफू, अशा वस्तू पुस्तकांवर विसंबून न राहता स्वतः हातात घेऊन, चाखून, हुंगून, त्यांनी लिहिल्या. मुंबईचे बेटही त्यांच्याकडे काही काळ खंडाने होते. १५६८ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर १५८० साली इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या, कारण ते गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होते असा आरोप होता. अस्थी जाळल्याचे ऐकून मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले की मेलेल्या माणसाला शिक्षा कशी करतात. बाबांनी त्याला उत्तर दिले नाही. मीही दिले नाही.

बाबांना माशेलच्या बाईंच्या सोबतीला ठेवून मी मुलाला घेऊन बाजारात उतरले. फेरीत पहिली खरेदी खाज्याची, हा आमच्या घरचा नेम आहे. खाजे ज्यांनी खाल्लेले नाही त्यांना सांगते: चण्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या काड्या तळायच्या, गुळाच्या पाकात आले आणि तीळ घालून त्यांत त्या घोळायच्या आणि पाक सुकेपर्यंत हलवत राहायचे, म्हणजे प्रत्येक काडीवर खडबडीत, फिकट तपकिरी लेप चढतो. दातांखाली तो आधी कडक लागतो, मग गोड, आणि शेवटी आल्याचा तिखटपणा जिभेवर राहतो. गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुकानातल्या आजींनी एक काडी मोडून मुलाच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “चाखून पळय, पुता. सकाळींच केल्लें.” मी अर्धा किलो घेतले, आणि चणे, आणि शेंगदाण्याचे लाडू.

त्या आजींशी बोलताना मला फेरीची जी बाजू नेहमी विसरायला होते ती पुन्हा आठवली. आपल्यासाठी फेरी वर्षातून एकदा भरते, पण खाजेकारांसाठी ती संपतच नाही. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्तातून ते पणजीला येतात, पौषात म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेला जातात, माघात मंगेशीला, आणि वैशाखात शिरगावला लईराईच्या जत्रेपर्यंत हे फिरणे चालू राहते. मग पाऊस सुरू झाला की कढई घरी लागते. इगर्जीचे फेस्त आणि देवळाची जत्रा यांत त्यांच्या दृष्टीने फरक एवढाच की एकीची तारीख इंग्रजी महिन्याने ठरते आणि दुसरीची तिथीने. खाजे तेच, तागडीही तीच आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकेही तीच. गोव्यातल्या लोकांच्या एकोप्यावर पुष्कळ भाषणे होतात आणि मला ती ऐकायला आवडतात, पण या एकोप्याची रोजची मेहनत अशी माणसे करीत असतात, आणि त्यांच्या नावाने कुठे फलक लागत नाही.

बाकीचा बाजार मी लवकर उरकला. स्वेटर, चादरी, प्लास्टिकच्या बादल्या, चिनी मातीचे कप, चावीवर चालणारी माकडे, नाताळचे तारे. चांगल्या वस्तू होत्या आणि भावही ठीक होते. मुलाला एक तारा घेऊन दिला. एक गोष्ट मात्र मनाला लागली. बागेच्या एका दारासमोर कपड्यांचे दुकान इतके पुढे आणून लावले होते की त्या दाराने आत जाणे म्हाताऱ्या माणसाला अशक्यच होते, आणि कोपऱ्यातली दोन बाके खोक्यांनी भरलेली होती. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिलेल्या जागेत तो माल मांडतो. पण फेरीच्या जागा आखताना बागेची सगळी दारे मोकळी राहतील आणि बाके माणसांना बसायलाच मिळतील एवढे तरी पाहिले जावे, असे मला कळकळीने वाटते. बागेत बसायला पैसे पडत नाहीत. माशेलहून, डिचोलीहून, चोडणहून बसने आणि फेरीबोटीने आलेल्या ज्या बाईच्या पर्समध्ये खरेदीनंतर परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरलेले असतात, तिला या सगळ्या चौकात टेकायला हीच एक जागा आहे. हॉटेलात बसले तर चहा घ्यावा लागतो. बाकावर बसले तर काहीच घ्यावे लागत नाही, आणि म्हणूनच ती घरी जाण्याची घाई करीत नाही, नवी पिशवी उघडून पुन्हा एकदा कापड पाहते, शेजारणीला भाव सांगते, आणि पुष्कळदा उठून परत बाजारात जाते. बाग काढून घेतली तर फेरीतली अर्धी मजा आणि माझ्या समजुतीने निम्मा धंदाही जाईल.

गोव्यातला बाजार म्हटले की बाहेरच्या लोकांना हणजूणचा बुधवारचा बाजार आठवतो. तो सत्तरच्या दशकात सुरू झाला तेव्हा खरोखर जुन्या वस्तूंचा बाजार होता. किनाऱ्यावर राहिलेले हिप्पी पैसे संपले की आपले कॅमेरे, कपडे, गिटारी विकून पुढच्या दिवसांची सोय करीत. आता तिथे बहुतेक माल नवा असतो आणि पर्यटकांसाठी असतो. हडफड्याचा शनिवारचा रात्रीचा बाजारही मी पाहिला आहे, तो देखणा आहे. परंतु जुनी वस्तू, जिला आधी कोणाचा तरी हात लागलेला आहे, ती शोधायची तर मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा अशा फेऱ्यांची टोके अधिक जवळची वाटतात.

त्या शनिवारीही टोकाला, जिथे दिवे कमी होते, एक माणूस जमिनीवर चादर अंथरून बसला होता. त्याच्यापुढे पितळेचा अडकित्ता, चिमणीचे दोन दिवे, काच तडकलेला टेबलावरचा आरसा, मुलामा उडालेल्या पत्र्याच्या ताटल्या, जुन्या नाण्यांची बशी आणि किल्ल्यांचा एक जुडगा होता ज्यांची कुलुपे कुठे गेली ते देव जाणे. या पसाऱ्यात एक गोल, जाड पत्र्याचे, काळे पडलेले भांडे होते, वरच्या काठाला लोखंडी पट्टी ठोकलेली. मी ते उचलले. त्या माणसाने लगेच सांगितले की आत माती भरून झाड लावा, बाल्कनीत शोभून दिसेल, आणि तळाला भोक पाडून देण्याची तयारीही दाखवली. त्याच वेळी माझ्या मागून बाबांचा आवाज आला. ते काठी टेकत, माशेलच्या बाईंच्या मुलीचा हात धरून, आम्हांला शोधत आले होते. “भोक पाडू नका,” ते म्हणाले. “ते माप आहे.”

ते शेराचे माप होते. बाबांनी ते हातात घेतले, तळ वर करून पाहिला, काठावरून बोट फिरवले. विक्रेता मनापासून चकित झाला. त्याने ते डिचोलीकडच्याच एका घरातून, घर पाडताना निघालेल्या सामानात, वजनावर घेतले होते. त्याने सांगितलेला भाव बाबांनी घासाघीस न करता दिला. मी मधे बोलायला गेले तर त्यांनी मान हलवून मला थांबवले.

बागेत परत आलो तेव्हा माशेलच्या बाई निघायच्या तयारीत होत्या. बाबा त्याच बाकावर बसले आणि मुलाला सांगू लागले. माझ्या आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, दुसऱ्याची शेते कसली. पीक आले की भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, अंगणात भाताची रास पडायची आणि खंड मोजून द्यावा लागायचा, असाच मापाने. माप भरताना धान्य काठाबरोबर पुसून घ्यायचे की वर टोक येईल इतके रचायचे, यावर सगळे अवलंबून असे. त्या वर आलेल्या टोकाला शीग म्हणतात. उसने भात घरी आणताना माप काठाबरोबर मिळे, आणि खंड देताना त्याच मापावर शीग चढे. एका शेराला मूठभर, आणि खंडीच्या हिशेबात ते मूठभर धान्य एका माणसाच्या कित्येक दिवसांच्या जेवणाएवढे होई. आपण ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे लिहितो तेव्हा ही शीग आपल्या ध्यानात नसते. माझ्याही नव्हती, आणि हा वाक्प्रचार मी कितीदा वापरला असेल. १९७६ साली कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी मिळाली, तेव्हा बाबा नोकरीत होते. बातमी वाचलेले वर्तमानपत्र त्यांनी याच बागेत घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवले आणि संध्याकाळी घरी नेऊन आजोबांना वाचून दाखवले. हे त्यांनी मला कधी सांगितलेले नव्हते. बाकावर त्यांच्या शेजारी मी चाळीस वेळा तरी बसले असेन.

चर्चच्या जिन्यावरचे दिवे लागले होते आणि सगळा चौक उजळला होता. मुलाला शीग म्हणजे काय ते समजले नव्हते, किंवा समजले होते पण पाहायचे होते. त्याने चण्यांची पिशवी पुढे केली. बाबांनी रुमालाने माप आतून पुसले, ते दोन पायांच्या मध्ये धरले आणि चणे ओतायला लावले. आधी काठापर्यंत. मग तळहाताने पुसून त्यांनी त्याला सपाट केलेला पृष्ठभाग दाखवला. मग पुन्हा ओतायला सांगितले, हळू, मध्यावर, आणि चण्यांचे छोटे शिखर उभे राहिले. दोन-तीन चणे घरंगळून बाकाखाली गेले. बाजूच्या बाकावरच्या दोन बायका वाकून पाहत होत्या. त्यांतली एक म्हणाली की तिच्या सासूकडेही असे माप होते आणि तिने ते भंगारात दिले.

बाबांनी भरलेले माप दोन्ही हातांनी उचलून मुलाच्या पिशवीत रिकामे केले. मुलगा म्हणाला, “एक.”

“एक म्हणायचे नाही,” बाबा म्हणाले. “पहिल्या मापाला लाभ म्हणायचे.”

“लाभ,” तो म्हणाला, आणि त्याने पिशवी पुन्हा पुढे धरली.